फुल सर्कल स्कर्ट घरी शिवताना: कंबर मोठी का होते, खालची कड का लोंबते, आणि कुठलं काम आधी करायचं

दर वर्षी गणपती गेले की घट बसायच्या आत माझ्याकडे दोन-तीन तरी स्कर्ट दुरुस्तीला येतातच. घरी शिवलेले, व्हिडिओ बघून शिवलेले, आणि तक्रार सगळ्यांची सारखीच, ताई कंबर मोठी झाली हो, नाहीतर खालून एका बाजूला लोंबतोय बघा. शिलाई वाईट नसते, मशीनही नीट चालत असतं, चुका असतात त्या दोनच ठिकाणी. कंबरेचा गोल कापताना अर्ध्या इंचाचा हिशोब राहून जातो, आणि खालची कड दुमडायची घाई होते. या दोन्ही चुका मी स्वतः केल्यात, माझा पहिला लाल रेयॉनचा स्कर्ट कंबरेत ३ इंच मोठा झाला होता आणि नवं कोरं साडेचार मीटर कापड समोर पसरून मी अक्षरशः रडले होते. म्हणून सगळं क्रमाने लिहितेय, आकड्यांसकट.

फुल सर्कल म्हणजे ज्याला काही जणी अंब्रेला म्हणतात तो, जमिनीवर पसरला की पूर्ण गोल होणारा. सगळा हिशोब कंबर ३० इंच आणि तयार लांबी ३६ इंच (कंबरेचा पट्टा धरून) असं उदाहरण घेऊन केलाय, तुम्ही तिथे तुमचे आकडे घाला.

कापड घ्यायच्या आधी: फुल सर्कलच हवाय का?

काठाचं कापड असेल तर नको. इरकल असो, पैठणी असो, काठ सरळ असतो आणि सर्कलची कड गोल, म्हणजे काठ सगळा कात्रणात जाणार. आईची जुनी साडी घेऊन सर्कल कापायला बसलेल्या मुलीला मी कात्री हातात असताना थांबवलंय. अशा साडीचा चुण्यांचा स्कर्ट करायचा, काठ खाली तसाच राहतो. फक्त सगळी साडेपाच मीटर साडी ३० इंच कंबरेत कोंबायची नाही, कंबरेच्या तिप्पट कापड पुरे होतं, त्याहून जास्त घेतलं की पोटावर गठ्ठा दिसतो.

एकाच दिशेची डिझाइन असेल, म्हणजे हत्ती, मोर, झाडं, तर तेही सर्कलला नको. पुढे मोर सरळ दिसतो, बाजूला आला की आडवा पडतो.

रोज लोकलने जायचं असेल तर हाफ सर्कल बरा, घेर निम्मा आणि वजनही कमी. आणि स्कूटरवर मागे बसायचं असेल तर घेर गोळा करून मांडीखाली दाबल्याशिवाय बसू नका, साडीगार्ड असला तरी. साडेचार मीटर कापड चाकात गेलं की काय होतं ते सांगायला नको.

१. मापं

टेप कंबरेला कुठे लावायचा तर जिथे तुम्ही स्कर्ट प्रत्यक्ष घालणार तिथे. बऱ्याच जणी सगळ्यात बारीक जागेचं माप घेतात आणि मग स्कर्ट बेंबीखाली नेसतात, ती जागा दोन-तीन इंच जास्त असते. नाडी किंवा इलॅस्टिकचा तुकडा कंबरेला बांधा, पाच मिनिटं घरात फिरा, बसून उठा, तो जिथे स्थिरावेल तीच तुमची कंबर. तिथे टेप लावून आत एक बोट सहज जाईल इतकंच सैल ठेवा, पोट आत घेऊ नका.

लांबी त्याच रेषेपासून खाली, आणि जी चप्पल किंवा मोजडी घालणार ती पायात घालूनच. लांबी दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या, स्वतः वाकून मोजली की इंचभर चुकतेच.

तपासा: दोन्ही मापं दोनदा घेऊन कागदावर लिहिली का? डोक्यात ठेवलेलं माप कापताना बदलतं.

२. कंबरेचा हिशोब, इथे घाई करू नका

सूत्र सोपं आहे, गोलाचा घेर भागिले ६.२८ केलं की केंद्रापासूनचं अंतर मिळतं. शाळेत शिकलोय आपण सगळ्या. पण नुसती कंबर भागून चालत नाही आणि सगळ्या जणी अडकतात त्या इथेच.

आपण दोन अर्धगोल कापून दोन बाजूंना जोडणार. प्रत्येक जोडाला दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच शिलाईत जाणार, म्हणजे दोन जोडांत मिळून २ इंच. म्हणून ३० अधिक २, झाले ३२. त्याला ६.२८ ने भागलं की ५.१ इंच. ही झाली शिलाईची रेषा, जिथे पट्टा बसणार ती. कापायची रेषा ही नाही! पट्टा लावताना अर्धा इंच कापड आत जाणार आहे, म्हणून कात्री चालवायची ती ५.१ वजा ०.५, म्हणजे ४.६ इंचावर.

आता ५.१ वरच कापलं तर काय होईल बघा. शिलाई पडेल ५.६ वर, ५.६ गुणिले ६.२८ म्हणजे ३५ च्या वर, त्यातून जोडांचे २ गेले तरी कंबर झाली ३३. नुसता अर्धा इंच राहिला आणि कंबर ३ इंचांनी वाढली. माझ्या लाल स्कर्टचं हेच झालं होतं, आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या स्कर्टांचं हेच झालेलं असतं.

खालचा हिशोब: पट्टा तयार दीड इंचाचा धरला तर खाली ३४.५ इंच स्कर्ट हवा. ५.१ अधिक ३४.५ अधिक १ इंच खालच्या कडेसाठी, म्हणजे ४०.६ इंच. हे दोन आकडे, ४.६ आणि ४०.६, मोठ्या अक्षरात लिहून समोर लावा.

हाफ सर्कल करणार असाल तर ६.२८ च्या जागी ३.१४ ने भागायचं, बाकी पद्धत तीच. फक्त ४४ पन्ह्यात (पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, इंचांत) घोट्यापर्यंतचा हाफ सर्कल अखंड बसत नाही, त्याचे दोन पाव गोल कापून जोडावे लागतात.

इशारा: शंका आली तर कंबर लहानच कापा. लहान झालेली कंबर सगळीकडून पाव इंच कापली की दीड इंचाने वाढते. मोठी झालेली कमी करायची तर जोड खोल घ्यावे लागतात आणि स्कर्ट अंगावर नीट पडत नाही.

३. कापड, दोरा, सुई

वरच्या मापाला ४४ पन्ह्याचं साडेचार मीटर लागतं. एक अर्धगोल ८१ इंचांच्या थोडा वर, दोन मिळून १६२-१६३ इंच, पट्ट्याला आडवे ४ इंच आणि बाकीचं आटण्यासाठी. दुकानदार म्हणेल चार मीटरमध्ये होतं. चार मीटर म्हणजे साधारण १५७ इंच, दोन अर्धगोलसुद्धा बसत नाहीत, तेव्हा ऐकू नका. आणि पन्हा दुकानातच टेप लावून बघा, ४४ सांगून हातात ४२ मिळालेलं आहे मला, पूर्ण लांबीच्या स्कर्टला तिथेच गणित बसेनासं होतं.

पहिल्यांदा शिवत असाल तर कॅम्ब्रिकसारखं साधं कॉटन घ्या. रेयॉन अंगावर सुंदर पडतं पण कापताना पळतं आणि टांगल्यावर सगळ्यात जास्त लोंबतं. जॉर्जेट, शिफॉन, साटन दुसऱ्या-तिसऱ्या स्कर्टला. ठाण्यात असाल तर जांभळी नाक्यावर कापड, अस्तर, चेन, बकरम (पट्ट्यात घालायचं कडक कापड), लेस सगळं एका फेरीत होतं, फक्त नवरात्राच्या आधीच्या शनिवारी-रविवारी संध्याकाळी जाऊ नका, कापड उजेडात धरून बघायला जागा मिळत नाही. अनेक घरांत पितृपक्षात नवं कापड घेत नाहीत, तसं असेल तर विसर्जनाच्या आधीच घेऊन ठेवा, धुवायला तेवढा वेळही मिळतो.

लेस किती घ्यायची हे नेहमी चुकतं. आपल्या मापाच्या स्कर्टचा खालचा घेर जवळजवळ २४७ इंच होतो, म्हणजे सव्वासहा मीटरच्या वर. साडेचार मीटर कापड म्हणून साडेचार मीटर लेस घेतली की नवरात्राच्या आदल्या दिवशी तीच लेस शोधत फिरावं लागतं आणि तो रोल नेमका संपलेला असतो. पावणेसात मीटर घ्या.

सुई नवी लावा. कॉटनला १४ नंबर, रेयॉन-जॉर्जेटला ११. बोथट सुईने कापड गोळा होतं आणि दोष मशीनला जातो.

४. धुणं आणि धागा सरळ करणं

हे टाळायचं नाही, म्हणजे नाहीच. मला एकदा एका दुकानात छातीठोकपणे सांगितलं होतं की हे आटत नाही, न धुता शिवा, आणि भाचीचा स्कर्ट पहिल्या धुण्यात घोट्यावरून पिंढरीवर आला. कॉटन मीटरमागे तीन-चार सेंटीमीटर सहज आटतं, स्कर्टच्या लांबीत तो इंचाच्या वरचा फरक होतो.

कापड साध्या पाण्यात दोन तास बुडवून ठेवा, मग पुढे जसं नेहमी धुणार तसंच धुवा, रेयॉन पिळू नका. लाल, निळं, गडद हिरवं असेल तर ओला पांढरा रुमाल एका कोपऱ्यावर घासून बघा, रंग लागला तर त्या कापडाला पांढरी लेस लावायची नाही. सावलीत वाळवा. आपल्याकडे त्या दिवसांत पाऊस पूर्ण गेलेला नसतो, गॅलरीत टाकलेलं कापड वरून कोरडं लागतं आणि घडीत ओल असते, म्हणून पंख्याखाली अजून एक रात्र. अस्तरही असंच धुवून घ्या.

इस्त्री करताना इस्त्री उभ्या (कापडाच्या लांबीच्या) नाहीतर आडव्या (रुंदीच्या) धाग्यावरूनच फिरवा, तिरकी ओढू नका. मग आडवं टोक सरळ करा. दुकानात कात्री तिरकी चालते, त्यामुळे कापड सरळ दिसलं तरी धागा तिरका असतो. टोकाला छोटा काप देऊन एक आडवा धागा ओढून काढा, त्याची जी रेष दिसते त्यावर कापा. पाच मिनिटांचं काम आहे.

तपासा: कापड दुमडल्यावर दोन्ही किनारी (कापडाच्या लांब बाजूंच्या विणलेल्या कडा) एकावर एक येतायत आणि मध्ये वळी पडत नाही ना? पडत असेल तर कापड तिरकं ओढून सरळ करा, दुसऱ्या बाजूला एक जण धरायला लागेल.

५. घडी आणि आखणी

सगळ्यात आधी पट्ट्याची ४ इंच रुंद आडवी पट्टी कापून बाजूला ठेवा. नंतर कात्रणातून काढू म्हटलं की तुकडे जोडत बसावं लागतं.

उरलेल्याचे दोन सारखे तुकडे करा, प्रत्येक ८१ इंचांच्या थोडा वर. आता एकच तुकडा घ्या, लांबीत मधोमध दुमडा, आखणी वर दिसावी म्हणून सुलट बाजू आत. घडी झाल्यावर तो ४१ बाय ४४ इंचांचा होतो, डायनिंग टेबलवर किंवा हॉलच्या फरशीवर मावतो. गादीवर कापायचं नाही, खालून दबतं आणि गोल वाकडा येतो.

केंद्र कुठलं? घडीची कड आणि किनार जिथे भेटतात तो कोपरा. उघड्या बाजूचा कोपरा नाही. आमच्या मजल्यावरच्या वहिनींनी उघड्या बाजूने गोल काढला आणि दोन अर्धगोलांऐवजी चार पाव गोल हातात आले, मग चार जोडांचा स्कर्ट शिवला आणि प्रत्येक जादा जोडात कंबर कमी होत गेली. कापायच्या आधी घडी उलगडून मनात बघा, उलगडल्यावर अर्धा गोल दिसायला हवा.

कोपऱ्यावर टेपचं शून्य टाचणीने पक्कं करा आणि टेप पंख्यासारखा फिरवत दर दोन इंचांवर ४.६ ला एक खूण, ४०.६ ला एक खूण करत जा. दोरीला खडू बांधून गोल काढू नका, दोरी ताणली जाते आणि शेवटी गोल इंचभर मोठा होतो. कंबरेचा छोटा गोल आधी जुन्या पेपरावर काढून, कापून, मग कापडावर ठेवला तर उत्तम.

तपासा: पेपरच्या गोलावर कापायच्या रेषेच्या बाहेर अर्धा इंच, म्हणजे ५.१ ची रेषा आखा आणि टेप उभा धरून त्या रेषेवरून फिरवा. पाव गोलाला ८ इंच यायला हवेत. ८ चोक ३२. साडेआठ किंवा जास्त आले तर थांबा, पुन्हा मोजा.

६. कापणं

थर दोनच ठेवा. दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून चार थर कापायचा मोह होतो, पण खालचा थर सरकतो. पहिला कापा, मग तो उलगडून दुसऱ्यावर ठेवा आणि टाचून कापा.

आधी खालचा मोठा गोल, कंबर शेवटी. कंबर आधी कापली की बाकीचं कापताना ती कड हाताळली जाते, ओढली जाते. कात्रीचं खालचं पातं टेबलाला टेकलेलंच ठेवा, कापड उचलू नका, तुम्ही फिरा.

७. कापल्या कापल्या कंबर धरून ठेवा

ही शिलाई बहुतेक व्हिडिओंत दिसत नाही, आणि हिच्याशिवाय बरोबर कापलेली कंबरही मोठी होते. कारण समजून घ्या. कापडाचा उभा धागा ताणत नाही, आडवा थोडासाच ताणतो, पण त्यांच्या मधला तिरका, ज्याला शिवणारे उरेब म्हणतात, तो रबरासारखा ताणतो. सर्कलच्या कंबरेला चार ठिकाणी उरेब येतो. तुकडा खुर्चीवर टाकला, उचलला, मशीनवर नेला, तेवढ्यातच ती चार ठिकाणं पसरतात.

म्हणून कापल्यावर लगेच, इस्त्री नाही, चहा नाही, तुकडा सपाट उचलून मशीनवर न्या आणि कंबरेच्या कडेपासून पाव इंच आत एक साधी शिलाई मारा. टाका बारीक, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग नाही, दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत. कापड मशीनच्या पायाखाली ढकलू नका, मागून ओढू नका. दुसऱ्या तुकड्याचंही तसंच.

तपासा: अर्ध्या इंचाच्या रेषेवर प्रत्येक अर्धगोल १६ इंच भरतोय का? साडेसोळा आला तर या शिलाईचा एक दोरा हलका ओढून जागेवर आणता येतो. त्याहून जास्त असेल तर अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंचावर बाजू जोडा, १ इंच कमी होतो.

८. बाजू, चेन, अस्तर

किनार वापरून कापल्यामुळे दोन्ही बाजूंचे जोड उभ्या धाग्यावर येतात, हा या पद्धतीचा मोठा फायदा, चेन लाटांसारखी वळत नाही. काही कापडांची किनार घट्ट असते आणि जोड आखडतो, तिथे किनारीला दर तीन-चार इंचांवर तिरके छोटे काप द्या. उजवी बाजू पूर्ण शिवा. डावीकडे वरून ७ इंच सोडून खाली शिवा, त्या ७ इंचांत चेन. चेनचं वरचं टोक कंबरेच्या शिलाईच्या रेषेच्या किंचित खाली ठेवा, नाहीतर पट्टा लावताना सुई दातांवर आपटून तुटते. जोडांच्या कडा शिवतानाच इंटरलॉक करून (धागे सुटू नयेत म्हणून कड गुंफून) घ्या, पुढे पट्टा लागला की हात पोचत नाही.

अस्तर लावणार असाल तर फुल सर्कलचं नको, फार जड होतं. साधं हाफ सर्कल किंवा कळ्यांचं, स्कर्टपेक्षा दोन इंच आखूड, आणि कंबरेला मात्र नेमकं ३० भरणारं. अस्तर खाली स्कर्टला जोडायचं नाही, सुटं लोंबू द्या, दोन्ही कापडं वेगवेगळी उतरतात आणि जोडलेली असली की फुगा येतो.

९. पट्टा

पट्टीची लांबी ३३ इंच, म्हणजे कंबर ३०, हुकाखाली जाणारा दीड इंच, शिलाईचा १ आणि हाताशी थोडं. आत बकरम किंवा फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं बकरम) हवंच, आडव्या धाग्याची पट्टी त्याच्याशिवाय पसरते. पट्टीवर आणि स्कर्टवर चार-चार खुणा करा, दोन्ही जोड, पुढचा मध्य, मागचा मध्य. खूण खुणेला टाचा, मग मधलं. एका टोकाकडून टाचत गेलं की शेवटी दोन इंच कापड उरतं आणि ते तिथेच चुणी घालून दाबलं जातं, सगळ्या कंबरेत तेवढंच एक गाठोडं दिसतं.

शिवताना स्कर्ट खाली, पट्टा वर. मशीनचे दात खालचं कापड थोडं जास्त ओढतात, त्यामुळे स्कर्टचं उरलेलं किंचित कापड आपसूक बसतं.

तपासा: आत्ताच घालून बघा, बसा, जेवल्यावर पण एकदा घाला. कंबर दुरुस्त करायची ही शेवटची सोपी वेळ.

१०. टांगून ठेवा, दोन दिवस

सगळ्यात जास्त चुकणारी पायरी हीच, आणि यात करायचं काहीच नसतं, नुसतं थांबायचं असतं. कंबरेतल्या त्याच चार उरेबाच्या जागा खाली कडेपर्यंत जातात, आणि कापडाच्या वजनाने तिथे स्कर्ट लांब होतो. कॉटनचा अर्धा-पाऊण इंच, रेयॉनचा दोन इंचही होतो. आज शिवून आजच कड दुमडलीत तर कड आज सरळ दिसेल आणि गरब्याच्या दुसऱ्या रात्री चार टोकं खाली आलेली असतील. मग लेस उसवा, कड उसवा, पुन्हा कापा.

टांगताना पट्टा हँगरला चार-पाच ठिकाणी टाचा, दोनच चिमटे लावले तर मधला भाग झोल खातो. स्कर्ट जमिनीला, पलंगाला टेकता कामा नये. कोरड्या खोलीत टांगा, दाराच्या वरच्या हुकाला टांगला तर दार उघडझाप करू नका. कॉटन एक दिवस, रेयॉन आणि जॉर्जेट दोन. अस्तरसुद्धा त्याच्यासोबत लोंबू दे.

घट बसायच्या आधी किमान आठ दिवस कापड धुऊन तयार हवं असं मी सांगते ते या दोन दिवसांसाठीच.

११. कड एकसारखी कापणं

दोन माणसं लागतात. घालणारी चप्पल घालून सरळ उभी, हात खाली, नजर समोर. ती खाली बघायला वाकली की मागची कड वर जाते आणि खूण चुकते. दुसरी जण जमिनीवर उभी पट्टी टेकवून दर तीन इंचांवर खडूची खूण करत तिच्याभोवती फिरते. घालणारीने फिरायचं नाही, खूण करणारीने फिरायचं.

एकट्या असाल तर दाराच्या चौकटीत नितंबाच्या उंचीवर एक दोरी घट्ट बांधा, तिला कोरडा खडू भरपूर चोळा आणि स्कर्ट घालून दोरीला टेकत हळूहळू गोल फिरा. स्कर्टवर आडवी रेष उमटते. मग स्कर्ट काढून टेबलवर ठेवा आणि त्या रेषेपासून खालपर्यंत सगळीकडे सारखंच अंतर मोजून खुणा करा. मी माझे स्वतःचे सगळे असेच केलेत.

खुणा जोडून रेष काढा, कुठे अचानक खड्डा दिसला तर ती खूण चुकलीय, पुन्हा घालून बघा. तयार लांबीच्या खाली अर्धा इंच ठेवून बाकी कापा.

१२. दुमड, लेस, इस्त्री

सर्कलला रुंद दुमड घालू नका. सरळ कापडाला एक इंच दुमडलं तरी काही होत नाही, पण गोलात बाहेरची कड आतल्यापेक्षा लांब असते. फुल सर्कलला एक इंच आत दुमडलं की साडेबारा इंच जास्तीचं कापड कुठेतरी जिरवावं लागतं, आणि ते चुण्या होऊन बाहेर दिसतं. पाव इंचाची दुमड घेतली की तेच तीन इंचांवर येतं आणि सव्वासहा मीटर घेरात सहज लपतं.

पद्धत अशी, कडेपासून पाव इंचावर एक साधी शिलाई मारा. त्या शिलाईवरून कड आत वळवा, ती शिलाईच पट्टीचं काम करते, मोजायला लागत नाही. इस्त्रीने दाबा. मग पुन्हा पाव इंच वळवून कडेजवळून शिलाई. शिवताना कापड ताणू नका, ताणलं की कड कोबीच्या पानासारखी वळते. जॉर्जेट-शिफॉन असेल तर हे सगळं सोडून सरळ पिको करून आणा.

लेस दुमड झाल्यावरच. बाजूच्या जोडापासून सुरुवात करा आणि लेस किंचित सैल सोडत लावा. लेस ताणून लावली की सगळा घेर आत ओढला जातो आणि स्कर्ट घंटेसारखा दिसतो. धुतल्यावर आटणारी कॉटन लेस असेल तर तीही आधी भिजवून घ्या.

शेवटची इस्त्री कंबरेकडून खाली, उभ्या धाग्याने, इस्त्री उचलून ठेवत. आणि तयार झालेला स्कर्ट कपाटात हँगरला लावून ठेवू नका, घडी घालून ठेवा. वर्षभर टांगला तर त्या चार जागा पुन्हा उतरतात आणि पुढच्या नवरात्राला कड परत कापायला लागते.